दोन ट्रान्झिस्टरचा लुकलुक दिवा: बंद ट्रान्झिस्टर बंद का राहतो, आणि १२ व्होल्टवर वेग का बदलतो?

पऱ्हाटी_२१ (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. तुरीच्या वावरात रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाय) घुसतात. मचाणावर लुकलुकणारा दिवा टांगायचा आहे, त्यासाठी दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट ब्रेडबोर्डवर जोडलं. चालतं, पण का चालतं ते उमगत नाही. न समजता डब्यात बंद करून वावरात नेलं तर बिघडल्यावर कुठून सुरुवात करायची तेही कळणार नाही.

जोडणी अशी आहे. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन्ही बी गटाचे. (प्रत्येकाचे तीन पाय: एमिटर, बेस, कलेक्टर; बेसला थोडा करंट मिळाला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहतो.) दोघांचे एमिटर निगेटिव्हला. प्रत्येक कलेक्टरवर ४७० ओहम, त्याच्या पुढे लाल एलईडी आणि मग पॉझिटिव्ह. प्रत्येक बेसला पॉझिटिव्हवरून ४७ के (४७ हजार ओहमचा रेझिस्टर). पहिल्याच्या कलेक्टरवरून दुसऱ्याच्या बेसला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, तसाच दुसऱ्याच्या कलेक्टरवरून पहिल्याच्या बेसला. कंडेन्सरचा पॉझिटिव्ह पाय कलेक्टरकडे.

सगळीकडे एवढंच सांगतात की एक सुरू झाला की दुसरा बंद होतो, कंडेन्सर भरला की उलट होतं. पण दुसऱ्याच्या बेसला ४७ केमधून करंट येतच असतो, मग तो बंद का पडतो?

दुसरी गोष्ट वेगाची. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक एलईडी मिनिटाला १०१ वेळा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तोच ११७ वेळा. लुकलुकीच्या वेळेचं जे सूत्र पुस्तकात आहे त्यात तर व्होल्टेज कुठेच नाही.

तिसरी, सोलर पॅनल सरळ जोडून पाहिलं तर सकाळी दोन्ही एलईडी नुसते पेटून राहतात, लुकलुकत नाहीत. तार काढून परत लावली की चालू होतं.

आणि शेवटचं: याच सर्किटनं मोटरसायकलची इग्निशन कॉइल चालवून कुंपणासाठी झटका मशीन करता येईल का?


कथील

भाऊ, तुझा पहिलाच प्रश्न या सर्किटचं मर्म आहे. तो सुटला की बाकीचे आपोआप सुटतात.

बंद ट्रान्झिस्टरच्या बेसवर शून्य व्होल्ट असतात असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तिथे शून्याच्याही खाली, निगेटिव्हमध्ये व्होल्टेज असतं. ९ व्होल्टच्या सप्लायवर साडेसहा व्होल्ट खाली. ४७ केमधून येणारा करंट आधी तो खड्डा भरत बसतो, म्हणून ट्रान्झिस्टरला काही मिळत नाही. खड्डा भरायला लागणारा वेळ म्हणजेच तुझा लुकलुकीचा वेळ.

खड्डा पडतो कसा ते बघ. कंडेन्सरच्या दोन पायांमधला व्होल्टेजचा फरक एका क्षणात बदलू शकत नाही. सात हात लांबीची काठी विहिरीच्या तोंडाशी उभी धरली आहे असं समज. खालचं टोक काठाच्या पातळीला, वरचं टोक सात हात वर. आता वरचं टोक झटक्यात काठाच्या पातळीला आणलं तर खालचं टोक कुठे जाईल? सात हात विहिरीत.

आता आकडे घालू. पहिला ट्रान्झिस्टर बंद आहे, दुसरा सुरू. पहिल्याचा कलेक्टर साधारण ७.४ व्होल्टवर आहे. (९ व्होल्टवर नाही, कारण एलईडी शेवटचे दीड-पावणेदोन व्होल्ट पुढे जाऊ देत नाही.) दुसऱ्याचा बेस ०.७ वर. मधल्या कंडेन्सरवर फरक ६.७ व्होल्टचा, ही आपली काठी. पहिला सुरू झाला की त्याचा कलेक्टर ७.४ वरून एकदम ०.१ वर येतो. काठी तेवढीच राहते, म्हणून दुसऱ्याचा बेस ०.१ वजा ६.७, म्हणजे उणे ६.६ वर जाऊन पडतो. दुसरा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी बंद.

तिथून बेस ४७ केमधून वर चढायला लागतो. चढायचं असतं ९ व्होल्टपर्यंत, पण ०.७ वर पोहोचताच ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि चढण तिथेच थांबते. सुरू झाला की त्याचा कलेक्टर खाली कोसळतो आणि पहिल्याच्या बेसला तसाच खड्ड्यात ढकलतो. पलटी होते ती इतकी झटपट याच कारणानं: एक थोडासा सुरू झाला की दुसऱ्याला बंद करतो, दुसरा बंद होताना त्याचा कलेक्टर वर जातो आणि पहिल्याला आणखी जोरात सुरू करतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. १० ऐवजी १०० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर लाव, म्हणजे एका बाजूला तीन सेकंद मिळतील. डिजिटल मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव, काळी तार निगेटिव्हला, लाल एखाद्या बेसवर. जुन्या काट्याच्या मीटरनं हे करू नको. स्वस्त काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर सुमारे २० केचा असतो, तो ४७ केला जड जातो आणि मोजायची गोष्टच बिघडवतो.


आयटीआय_फळा

वरचं उत्तर नेमकं आहे. मी हिशेब पुढे नेतो, कारण वेगाचं उत्तर हिशेबातच आहे.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र: एका बाजूचा वेळ = ०.६९३ × बेसचा रेझिस्टन्स × कंडेन्सर. हे ०.६९३ कुठून येतं? आदर्श सर्किटमध्ये बेस उणे सप्लायवरून निघतो, अधिक सप्लायकडे चालतो आणि शून्यावर पकडला जातो. म्हणजे बरोबर अर्धी वाट. अर्धी वाट चालायला आरसीच्या (रेझिस्टन्स गुणिले कंडेन्सर) ०.६९३ पट वेळ लागतो. सप्लाय दुप्पट केला तर खड्डाही दुप्पट आणि ओढही दुप्पट, म्हणून सूत्रात व्होल्टेज उरत नाही.

तुमच्या सर्किटमध्ये एलईडी असल्यामुळे वाट अर्धी नाही, थोडी कमी आहे. ९ व्होल्टवर उणे ६.६ पासून अधिक ९ पर्यंत एकूण १५.६ व्होल्ट. ०.७ वर पोहोचल्यावर उरतात ८.३. भागाकार १.८८, त्याचा नैसर्गिक लॉग ०.६३१. आरसी आहे ४७ के गुणिले १० मायक्रो = ०.४७ सेकंद. एका बाजूला ०.२९७ सेकंद, दोन्ही मिळून ०.५९४. मिनिटाला १०१. तुम्ही मोजलेलं बरोबर आहे. (इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर २० टक्के इकडे-तिकडे असतात, तेव्हा इतका जुळलेला आकडा दर वेळी मिळेल असं धरू नका.)

हाच हिशेब १२ व्होल्टवर करा. बेस उणे ९.६ वर जायला हवा. एकूण २१.६, उरलेले ११.३, लॉग ०.६४८, पूर्ण फेरी ०.६१ सेकंदाची. मिनिटाला ९८. म्हणजे वेग किंचित कमी व्हायला हवा होता, तुमचा वाढला आहे. याचा अर्थ बेस उणे ९.६ पर्यंत पोहोचतच नाही.

कारण असं. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उलट दिशेने फार व्होल्टेज सोसत नाही. बीसी ५४७ ला ही मर्यादा ६ व्होल्ट दिलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक नग सात ते नऊच्या दरम्यान फुटतात, म्हणजे झेनर डायोडसारखे उलटे वाहू लागतात. खड्डा तेवढ्यावरच अडतो. तुमच्या नगांसाठी उणे ७.५ धरा: एकूण १९.५, उरलेले ११.३, लॉग ०.५४६, फेरी ०.५१३ सेकंद, मिनिटाला ११७.

याकडे फक्त वेगाचा फरक म्हणून पाहू नका. प्रत्येक फेरीत बेस-एमिटर जोड उलटा फुटत राहिला की ट्रान्झिस्टरचा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा) हळूहळू उतरतो. लगेच जळत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. काही दिवसांनी दिवे मंद होतात किंवा सर्किट सुरू व्हायला कुरकुरतं, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. त्यात १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते.

उपाय: प्रत्येक बेसच्या वाटेत एक १एन४१४८ (ॲनोडकडून कॅथोडकडे, एकाच दिशेने करंट जाऊ देणारा छोटा डायोड). ४७ के आणि कंडेन्सर जिथे मिळतात त्या ठिकाणी डायोडचा ॲनोड, आणि काळी पट्टी असलेला कॅथोड बेसकडे. आता खड्डा त्या जोडावर पडतो, डायोड तो अडवून धरतो, बेसपर्यंत जाऊ देत नाही. डायोडमुळे सुरू व्हायची पातळी ०.७ वरून १.३ वर जाते, त्यामुळे मिनिटाला साधारण ९५ मिळतील. दुसरा मार्ग ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) लावून सर्किट ५ व्होल्टवर चालवायचा. मग बेस जेमतेम उणे २.६ पर्यंत जातो आणि डायोड लागत नाहीत. पण ७८०५ स्वतःच पाचेक मिलिअँप खातो. बॅटरीवर रात्रभर चालवायचं असेल तर मी डायोडच घेईन.


पऱ्हाटी_२१

कथील भाऊ, सर, १०० मायक्रोफॅरड लावून मीटर बेसवर धरला. ९ व्होल्टवर आकडा ०.६९ वर थांबलेला असतो, मग एकदम उणे ६.४ दिसतो. पुढे उणे ५, उणे ३, उणे १ असा चढत शून्य ओलांडतो आणि ०.६ च्या पुढे जाताच एलईडी पलटतात. १२ व्होल्टवर सुरुवात उणे ७.३ पासूनच होते, ९ च्या जवळपासही जात नाही. डायोड घातल्यावर बेसवर निगेटिव्ह काहीच दिसत नाही, पण डायोडच्या अलीकडच्या जोडावर उणे ८.८ येतो. १० मायक्रोफॅरड परत लावले तर मिनिटाला ९६.

आता पॅनलचं सांगा.


आयटीआय_फळा

मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून अगदी तळाचा आकडा हुकतो. उणे ६.४ आणि उणे ८.८ म्हणजे हिशेब जुळला.


घाटंजी_रेडिओ

पॅनलवर दोन्ही दिवे पेटून राहतात ते असं.

हे सर्किट फिरतं तेव्हा दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांचा बदल वाढवत असतात. पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण सुरू झाले, कलेक्टर तळाला टेकले, तर बेसमधल्या लहानसहान फरकानं कलेक्टर हलतच नाही. एकानं दुसऱ्याला ढकलायचं म्हटलं तरी ढकलायला काही उरत नाही. दोघंही निवांत पेटून राहतात.

बटण दाबल्यावर सप्लाय एकदम येतो, दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात, जो आधी सुरू होतो तो दुसऱ्याला पाडतो. पहाटे पॅनलवर व्होल्टेज मुंगीच्या पावलानं चढतं. बेसला ०.६ व्होल्टपासूनच करंट मिळू लागतो, पण कलेक्टरच्या वाटेत एलईडी आहे आणि तो दीड व्होल्टच्या पुढेच वाट देतो. म्हणजे एलईडीतून करंट सुरू व्हायच्या आधीच दोन्ही ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून बसलेले असतात. अडकणार नाही तर काय.

पॅनल सरळ जोडू नको, राजा. ३६ सेलचं १२ व्होल्टवालं पॅनल मोकळं असताना २१ व्होल्टच्या आसपास देतं. ४७० ओहमवर एलईडीतून ४० मिलिअँप जातील, साधा एलईडी २० चा असतो. पॅनलनं चार्ज कंट्रोलरमार्फत बॅटरी भरायची आणि सर्किट बॅटरीवर, खटक्याच्या बटणानं. मग हा दोष उरत नाही.

तरीही कधी अडकूच नये असं हवं असेल तर एक पक्की युक्ती आहे. दोन्ही ४७ केची वरची टोकं पॉझिटिव्हवरून सोडव आणि एकत्र जोड. त्या जोडाला प्रत्येक कलेक्टरवरून एकेक १एन४१४८ दे, ॲनोड कलेक्टरकडे. आता बेसचा करंट कलेक्टरवरूनच येतो. एक जरी ट्रान्झिस्टर बंद असेल तर त्याचा कलेक्टर वर असतो आणि दोन्ही बेसला करंट पुरतो. दोन्ही सुरू झाले तर दोन्ही कलेक्टर खाली जातात, बेसचा करंट आटतो आणि अडकलेली अवस्था टिकतच नाही. फक्त बंद बाजूच्या एलईडीतून आता बेसचे अर्ध्या मिलिअँपच्या आतले करंट जातील, आणि आजकालचे एलईडी तेवढ्यावरही अंधारात मिणमिणतात. एलईडीच्या दोन पायांवर २.२ के आडवा टाक, मिणमिण जाईल.

आणि दोन्ही दिवे पेटून राहतात ते दर वेळी याच कारणानं नाही. बटणानं बंद-चालू करूनही तसंच राहिलं तर आधी कंडेन्सरचा पाय सुटला आहे का बघ. पाय सुटला की दोघंही ४७ केमधून सुरूच राहतात. मग ट्रान्झिस्टरचे पाय. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात बीसी ५४७ नसला की २एन३९०४ हातात देतात, तो सर्किटला चालतो, पण त्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे उलटे. ब्रेडबोर्डवर नुसता बदलून खोचला तर उलटा लागतो, गेन नावापुरता उरतो, दिवे मंद लागतात आणि लुकलुकत नाहीत.


कथील

झटका मशीनबद्दल स्पष्ट सांगतो: करू नको.

कुंपणाच्या झटका मशीनमध्ये झटका देणं हा सोपा भाग आहे. झटक्यातली ऊर्जा मर्यादेत ठेवणं आणि दोन झटक्यांमध्ये मोकळा वेळ ठेवणं हा खरा भाग. आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ जूलच्या वर जाऊ देत नाहीत आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त झटके चालत नाहीत. त्या मोकळ्या सेकंदात माणसाला किंवा जनावराला तारेवरून हात-पाय सोडवता येतो. आता याच धाग्यात वर काय काय आलं ते बघ: सप्लाय बदलला की वेग बदलतो, ट्रान्झिस्टर उलटा फुटला की वेग वाढतो, कंडेन्सर गळला की आणखी बदलतो, कधी दोन्ही बाजू अडकतात. दिव्यासाठी हे सगळं चालतं. माणसाच्या जिवावर बेतणारा वेळ अशा सर्किटवर सोपवायचा नसतो. तयार, प्रमाणित मशीन घे, आणि त्याचा अर्थिंगचा खिळा ओलसर जागी खोल ठोक.

आणि घरची किंवा पंपाची लाईन कुंपणाला जोडणं हा तर गुन्हाच आहे. त्यानं डुकरं मरतात तशीच पहाटे पाणी द्यायला गेलेली माणसंही मरतात. तू तसं विचारलं नाहीस, पण हा धागा आणखी कोणी वाचेल म्हणून लिहिलं.


सातपुडा_ओहम

थोडं बाजूचं, पण हे सर्किट स्क्वेअर वेव्हसाठी (उभ्या कडांची चौकोनी लहर) शिकणाऱ्यांसाठी लिहितो. आयटीआयमध्ये ऑसिलोस्कोप मिळाला तर कलेक्टरवर लावून बघा. खाली येणारी कड सरळ दिसते, वर जाणारी गोलावलेली. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी त्याच्या कलेक्टरला लागलेला कंडेन्सर ४७० ओहममधूनच परत भरायचा असतो. ४७० गुणिले १० मायक्रो म्हणजे ४.७ मिलिसेकंद, पूर्ण वर जायला त्याच्या चार-पाच पट. दिव्याला फरक पडत नाही, काउंटर चालवायचा असेल तर पडतो. तेव्हा कंडेन्सर आणि कलेक्टर यांच्यामध्ये १एन४१४८ टाका, कॅथोड कलेक्टरकडे, आणि कंडेन्सरच्या त्या पायाला पॉझिटिव्हवरून स्वतंत्र १ के द्या. खाली ओढताना डायोड वाट देतो, वर जाताना कलेक्टर मोकळा सुटतो आणि कड उभी येते.

या सर्किटला मल्टिव्हायब्रेटर म्हणतात ते याच उभ्या कडांमुळे. फ्रान्समध्ये आब्राम आणि ब्लोख यांनी १९१९ मध्ये ते व्हॉल्व्ह वापरून प्रसिद्ध केलं. उभ्या कडांच्या लहरीत मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा कितीतरी पटी एकत्र असतात. त्या पटींचा उपयोग बिनतारी लहरींची वारंवारता मोजायला करत.


पऱ्हाटी_२१

झटका मशीनचा विचार सोडला, कथील भाऊ. समजलं.

शेवटचा प्रश्न. दिवा अर्धा वेळ पेटून राहायची गरज नाही. दीड सेकंद अंधार आणि मग एक लख्ख चमक, असं हवं. बॅटरीही कमी खाईल. एका बाजूचा कंडेन्सर ४७ आणि दुसऱ्या बाजूचा ४.७ केला, चमकेच्या बाजूला ४७ केच्या जागी २२ के लावला, आणि नको असलेला एलईडी काढून तिथे नुसता १ के ठेवला. चमक छोटी आली, पण अंधार दीडऐवजी सव्वा सेकंदाच्या आसपासच येतो. शिवाय मीटरवर करंट १२ मिलिअँपच्या खाली येतच नाही.


आयटीआय_फळा

दोन्ही गोष्टी त्या १ केमुळे आहेत, आणि दोघींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

अंधाराचा वेळ मोजणारा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर परत भरायला फक्त चमकेचा वेळ मिळतो, साधारण ७० मिलिसेकंद. तो भरतो १ केमधून: १ के गुणिले ४७ मायक्रो म्हणजे ४७ मिलिसेकंद. दीडपटच वेळ मिळाला, म्हणजे कंडेन्सर पाऊण हिश्शाच्या थोडा वर भरला. काठी आखूड राहिली, खड्डा उथळ पडला, अंधार लवकर संपला. निदान साडेतीन पट वेळ मिळाला पाहिजे.

आणि करंट. या सर्किटमध्ये दोघांपैकी एक ट्रान्झिस्टर नेहमी सुरूच असतो. दिवा बंद असताना दुसरा सुरू असतो आणि त्या १ केमधून १२ मिलिअँप नुसते उष्णता होऊन जातात. रेझिस्टन्स वाढवला तर करंट वाचतो, पण कंडेन्सर भरायला आणखी उशीर. वाट एकच: कंडेन्सर लहान करायचा आणि बेसचा रेझिस्टन्स मोठा. मग बेसचा करंट इतका कमी होतो की तो ट्रान्झिस्टर एलईडीचे २० मिलिअँप ओढू शकत नाही. म्हणून एलईडी तिसऱ्या ट्रान्झिस्टरवर सोपवायचा.

१२ व्होल्टसाठी मूल्यं अशी धरा. दोन्ही कलेक्टरवर एलईडीशिवाय २.२ के. पहिल्याच्या बेसला २२ के, आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवरून ४.७ मायक्रोफॅरड. दुसऱ्याच्या बेसला २२० के, आणि पहिल्याच्या कलेक्टरवरून १० मायक्रोफॅरड. दोन्ही बेसमध्ये १एन४१४८ आधीसारखेच. दुसऱ्याच्या कलेक्टरवरून १० केमार्फत बीसी ५५७ चा बेस, त्याचा एमिटर पॉझिटिव्हला, कलेक्टरवरून ४७० ओहम आणि एलईडी निगेटिव्हकडे. बीसी ५५७ चे पाय ५४७ सारखेच लागतात, पण तो पीएनपी आहे, म्हणजे उलट्या जातीचा: बेस खाली ओढला की सुरू होतो.

चमक पाऊण दशांश सेकंदाची, अंधार १.६ सेकंदाचा. १० मायक्रोफॅरड २.२ केमधून २२ मिलिसेकंदांच्या आरसीनं भरतो, त्याला साडेतीन पट वेळ मिळतो. दुसऱ्याच्या बेसला ४९ मायक्रोअँप मिळतात आणि त्याला साडेसहा मिलिअँप ओढायचे आहेत, म्हणजे गेन १३४ लागतो. बी गटाचा गेन किमान २०० असतो, तो पुरतो. ए गट ११० पासून सुरू होतो, तो इथे लावू नका. चमक मंद आली किंवा अडखळली तर आधी हेच अक्षर तपासा.

सरासरी करंट सात मिलिअँपच्या आसपास येईल. बारा तासांच्या रात्रीला ८४ मिलिअँप-तास, ७ अँप-तासांच्या बॅटरीचा सव्वा टक्का.


घाटंजी_रेडिओ

डब्यात बसवताना एवढं पाळ.

२२० केबरोबर कंडेन्सर चांगला लागतो. बेसला मिळणारा सगळा करंटच ४९ मायक्रोअँप आहे. जुना कंडेन्सर त्यातले दहा-पंधरा गळवू लागला की वेळ पार बदलतो, आणि उष्णतेनं गळती वाढते. नवतप्यात पत्र्याच्या डब्यात हात लावता येत नाही इतकं तापतं. १०५ अंशांचा, २५ व्होल्टचा नवीन घे. जुन्या रेडिओतून काढलेला इथे नको. पत्र्याऐवजी पांढरा प्लास्टिकचा डबा मचाणाच्या सावलीत बांध, तारेची भोकं खालच्या बाजूला ठेव आणि सिलिकॉननं बुजव, नाहीतर पावसाळ्याच्या आधी मुंग्या घर करतात आणि त्यांच्या मातीला ओल लागली की २२० केच्या पायांमधून करंट पळतो. पीसीबीच्या तांब्याच्या बाजूला झाळल्यानंतर फ्लक्स थिनरनं पुसून वार्निशचा एक हात दे.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला, अगदी टर्मिनलजवळ, अर्ध्या अँपचा फ्यूज. सर्किट सात मिलिअँपचं असलं तरी उंदरानं तार कुरतडली तर बॅटरी तारेत कित्येक अँप ओतते, आणि मचाणावर वाळलेला कडबा असतो. फ्यूजच्या पुढे एक १एन४००७ डायोड सरळ घाल, अंधारात बॅटरी उलटी जोडली गेली तरी काही जळणार नाही. त्याचे ०.७ व्होल्ट जातील, तेवढ्यानं चमकेत फरक दिसत नाही.

एलईडी एकच वापरायचा असेल तर मचाणाच्या वर लावू नको, डुकराच्या डोळ्याच्या उंचीला, दोन-अडीच फुटांवर, तुरीच्या ओळीच्या तोंडाशी लाव. तूर वाढली की वरचा दिवा त्याला दिसतच नाही. आणि दर चार-पाच रात्रींनी जागा बदल. जनावर एकाच ठिकाणच्या लुकलुकीला सरावतं.